वाटाड्या यंत्र : गाडीत बसविलेले बरे की हातातले?
(शेतकी विभागाकडून)



हल्ली चारचाकी घ्यायला गेले की दुकानदार वरच्या मॉडेलचे जादा पैसे सांगतो आणि म्हणतो, "यात नेव्हिगेशन आहे." खिशातला मोबाईलही रस्ता दाखवतो. बाजारात हातात धरायचे जीपीएस यंत्र मिळते आणि ट्रॅक्टरवर बसवायचेही मिळते. ऊस नोंदीच्या वेळी बांधावरून मोबाईल घेऊन फिरल्यावर पडद्यावर सव्वा एकर दिसते आणि सातबारा मात्र एक एकराचा असतो. मग चर्चा सुरू होते की खरे कोणाचे. या सर्व यंत्रांचे मूळ एकच असले तरी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. कोणत्या कामाला कोणते यंत्र, एवढे समजले तर पैसा वाचेल आणि नोंदही बरोबर होईल.

१. यंत्र काम कसे करते?

जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. ही व्यवस्था किमान २४ उपग्रहांवर आखलेली आहे. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते आणि तो सतत आपली वेळ व जागा रेडिओ लहरींनी कळवत असतो. लहर निघाली कधी आणि पोचली कधी यावरून यंत्र अंतर काढते. तीन उपग्रहांवरून जागा ठरते. चौथा लागतो तो यंत्राच्या स्वतःच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, यंत्र फक्त ऐकते, बोलत नाही. म्हणून मोबाईलला रेंज नसली तरी जीपीएस चालते. दुसरी, उपग्रहाकडून नकाशा येत नाही. रस्ता, पूल, गाव हे सारे नकाशात असते आणि नकाशा माणसाने केलेला असतो. जागा बरोबर आणि नकाशा जुना, असे सहज होऊ शकते.

अमेरिकेने या मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ साली लष्करासाठी सोडला. १९८३ साली वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले. त्यानंतर ही सोय नागरिकांना खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तरीही नागरी संकेतात मुद्दाम चूक घातलेली असे आणि जागा १०० मीटरपर्यंत चुके. ही चूक मे २००० मध्ये काढली गेली. आज मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाईल साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून 'नाविक' मालिकेतील उपग्रह सोडले आहेत.

२. गाडीत बसविलेले यंत्र

जपानच्या होंडा कंपनीने १९८१ साली गाडीत नकाशा दाखवणारे यंत्र आणले, तेव्हा त्यात उपग्रहाचा संबंध नव्हता. चाके किती फिरली आणि गाडी कुठे वळली, यावरून ते जागा काढी. १९९० साली माझदाच्या गाडीत उपग्रहावर चालणारे यंत्र कारखान्यातूनच बसून आले.

जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. गाडीतल्या चांगल्या यंत्राला चाकांचे फेरे आणि वळणे कळतात, म्हणून खंबाटकीच्या बोगद्यात आभाळ दिसेनासे झाले तरी ते अंदाजाने पुढे चालू राहते. पडदा मोठा असतो, चार्जिंगची काळजी नसते.

दोष असे की किंमत जास्त, यंत्र काढून दुसऱ्या गाडीत नेता येत नाही, आणि पुष्कळ गाड्यांत नवा नकाशा भरायला सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. नवा बायपास झाला तरी यंत्र जुन्या पेठेतूनच नेते.

गाडी घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : "नकाशा गाडीचा स्वतःचा आहे, की माझा मोबाईल जोडल्यावर दिसतो?" पुष्कळ गाड्यांत पडदा गाडीचा आणि नकाशा मोबाईलचा असतो. त्यासाठी नेव्हिगेशन म्हणून वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

३. हातातले यंत्र आणि मोबाईल

हातात मावणारे जीपीएस यंत्र १९८९ साली विक्रीस आले. पुढे काचेला चिकटवायची यंत्रे निघाली. २००९ पासून मोबाईलवर फुकट रस्ता दिसू लागला आणि रस्त्यापुरती वेगळ्या यंत्राची गरज जवळजवळ संपली.

मोबाईलचा नकाशा आपोआप नवा होत राहतो आणि पुढची वाहतूक कोंडीही कळते. त्यासाठी मात्र रेंज लागते. परगावी जाताना त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्यावा. बोगद्यात तो अडखळतो, उन्हात काचेजवळ तापतो आणि फोन आला की लक्ष विचलित होते. हातातले स्वतंत्र यंत्र पाऊस, धूळ व चिखल सोसते, सेलवर चालते आणि खुणा साठवून ठेवते. पण रस्ता दाखवण्यात ते मोबाईलइतके सोयीचे नाही.

ऊस वाहतुकीबाबत दोन सूचना आहेत. एक, वाहनचालकास फडाची जागा पाठवताना वावराच्या मध्यावरची खूण पाठवू नये. वाहन जिथे उभे राहू शकेल त्या वाटेवर उभे राहून तिथली खूण पाठवावी. दोन, नकाशातली वाट मोटारीच्या हिशेबाने असते. ओढ्यावरची मोरी भार पेलेल का, वीजतारा किती खाली आहेत, पाणंद ओली आहे का, हे कोणत्याच यंत्राला कळत नाही. नकाशाने दाखवले म्हणून भरल्या ट्रॉल्या कॅनॉलच्या अरुंद भरावावर घालू नयेत. तिथे गावातल्या माणसाचा शब्द मोठा.

४. क्षेत्र मोजताना काय होते?

रस्त्यावर ५ मीटरची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. वावरात तीच चूक गुंठ्यांत दिसते. समजा चूक ३ मीटरची आहे आणि ती चारही कडांना बाहेरच्या बाजूस पडली. हा वाईटात वाईट प्रकार झाला, पण हिशेब पाहा :

• १० एकरांचा चौरस तुकडा (४०० गुंठे) : यंत्र दाखवेल सुमारे ४२४ गुंठे.
• १ एकराचा चौरस तुकडा (४० गुंठे) : यंत्र दाखवेल सुमारे ४८ गुंठे.
• १ एकराची २० मीटर रुंद लांबट पट्टी : यंत्र दाखवेल सुमारे ५४ गुंठे.

चूक तीच, पण तुकडा जितका लहान आणि अरुंद, तितका तिचा परिणाम मोठा. वाटण्या होऊन आपल्याकडे पट्ट्याच पट्ट्या झाल्या आहेत, म्हणून हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे. एकरी ४० टन धरला तर गुंठ्याला १ टन पडतो. म्हणजे ८ गुंठ्यांची चूक हा ८ टनांचा फरक. नोंद कमी झाली तर टोळी निघायच्या वेळी ऊस उभा राहतो. नोंद जास्त झाली तर वाहने फडात रिकामी थांबतात आणि पुढच्या सभासदाची तारीख लांबते. जादा दाखवलेले क्षेत्र फडात उगवत नाही.

म्हणून मोजणीच्या वेळी सभासदाने स्वतः हजर राहावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात :

(अ) ऊस लहान असतानाच मोजणी करून घ्यावी. उंच ऊस व बांधावरची झाडे संकेत अडवतात.
(आ) यंत्र चालू केल्यावर मोकळ्या जागी थोडे थांबावे, जागा स्थिर होऊ द्यावी.
(इ) मोबाईल खिशात नको, हातात उंच धरावा.
(ई) उसाच्या कडेनेच चालावे. चूक हळूहळू सरकत असते, म्हणून मध्ये गप्पा मारत न थांबता एका दमात फेरी पुरी करावी आणि निघालो त्याच कोपऱ्यावर येऊन मिळावे.
(उ) दोनदा मोजावे. एकरात दोन गुंठ्यांहून जास्त फरक आला तर टेप लावावी.

अरुंद पट्टीला तर टेपच उत्तम. लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि १०८९ ने भागावे. उत्तर गुंठ्यांत येते. तुकडा वाकडा असेल तर रुंदी तीन-चार ठिकाणी घेऊन सरासरी काढावी.

सातबारावरचे क्षेत्र आणि उसाचे क्षेत्र जुळलेच पाहिजे असे नाही. बांध, पाट, विहीर, वाट आणि पोटखराबा वजा जातो. आणि मोबाईलची मोजणी ही हद्दीचा पुरावा नव्हे. भाऊबंदकीच्या वादात ती पुढे करू नये. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची रीतसर मोजणीच हवी.

५. ट्रॅक्टरवर बसविलेले यंत्र

सरी पाडताना ५ मीटर सोडा, अर्धा फूटही चालत नाही. तोडणी यंत्रासाठी ५ फुटांची सरी एकसारखी लागते. त्यासाठी 'आर.टी.के.' पद्धत आहे. जवळच्या भागात, जागा आधीच पक्की ठाऊक असलेले एक केंद्र असते. ते उपग्रहाच्या संकेतातली चूक काढून ट्रॅक्टरला सतत कळवते आणि चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. हे यंत्र महाग आहे. दोन-चार एकरांच्या धन्याने एकट्याने घेण्याचे ते नव्हे; गटाने किंवा भाड्याने काम करून घ्यावे हेच परवडेल.

६. सारांश

• रस्त्यासाठी : मोबाईल पुरे. फिरती फार असेल आणि खिसा परवानगी देत असेल तरच गाडीतले यंत्र.
• ऊस नोंदीसाठी : मोठ्या तुकड्यास मोबाईल किंवा हातातले यंत्र, लहान व अरुंद तुकड्यास टेप.
• सरीसाठी : फक्त आर.टी.के., तेही भागीदारीत.
• हद्दीसाठी : सरकारी मोजणी.

यंत्र गाडीतले असो वा हातातले, आभाळ मोकळे आणि काम योग्य असेल तरच ते खरे बोलते. येत्या लागणीची नोंद करताना वावरात हजर राहा, पडद्यावरचा आकडा स्वतः वाचा आणि शंका आली तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवा. तोडणीच्या वेळी तक्रार करण्यापेक्षा लागणीच्या वेळी टेप धरणे केव्हाही सोपे.

— ऊस विकास अधिकारी