दोरीवर टांगलेला दिवस

झरी जामणी तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, पहिलीत येणारं पोर घरी कोलामी बोलतं. मराठीशी त्याची खरी गाठ शाळेतच पडते. दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन वर्ग घेताना ‘वह्या काढा’ एवढंही सगळ्यांपर्यंत पोचत नाही. चित्र पोचतं. म्हणून दिवसाचं वेळापत्रकच चित्रांत मांडावं. ते असं:

१. चित्रातली वस्तू आपल्या शाळेतली हवी. विकतच्या तक्त्यावर बेसिन असतं. आमची मुलं हात धुतात हातपंपावर. तक्त्यावर डबा, आमच्याकडे खिचडीचं ताट. मोबाइलवर फोटो काढून जवळच्या मुकुटबन गावाहून प्रिंट आणावी, नाहीतर पुठ्ठ्यावर स्केचपेननं रेघा ओढाव्यात. मास्तरची चित्रकला कच्ची असली तरी पोरं सांभाळून घेतात.

२. परिपाठ, हजेरी, वाचन, गणित, खिचडी, खेळ, घर अशी कार्डं दोरीला चिमट्यांनी लावावीत. काम संपलं की कार्ड काढून डब्यात टाकायचं, आणि ते मुलानंच. यातच सगळी गंमत आहे. काय झालं, किती उरलं, हे त्याला दोरीवर दिसतं. ‘सर, सुट्टी कधी?’ हा प्रश्न निम्म्यानं कमी होतो. मास्तरनंच कार्डं हलवली तर ती नुसती सजावट.

३. दोरी मुलांच्या नजरेच्या उंचीवर. शाळेच्या रंगवलेल्या ‘बोलक्या भिंती’ पुष्कळदा पेंटरच्या उंचीनं बोलतात.

४. बदलाचं एक कार्ड वेगळं ठेवावं. सर मीटिंगला जाणार, खेळ होणार नाही, तर ते सकाळीच लावायचं. अचानक बदललं की काही मुलं बिथरतात. स्वमग्न मुलांना तर फारच जड जातं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये राज्यभर सुरू केलेल्या ‘टीच’ कार्यक्रमानं चित्रांचं वेळापत्रक रुजवलं ते अशाच मुलांसाठी. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. पण पोडावरच्या मुलाला तपासणीचा कागद मिळेपर्यंत वर्ष सरतं. कार्डाला कागद लागत नाही.

५. चित्राखाली मराठी शब्द ठळक लिहावा. तिसरीतली एखादी मुलगी तोच कोलामीत सांगते, तिला सांगू द्यावं. दिवाळीपर्यंत लहानगी ‘खिचडी’ वाचून दाखवतात. खरं तर ओळखतात, पण चालतं.

६. मुलं वाचू लागली म्हणून चित्रं उतरवू नयेत. कापूस वेचणीच्या दिवसांत कितीतरी मुलं गैरहजर असतात. परत आलेलं पोर कुणाला काही विचारत नाही. दोरीकडे बघतं आणि हजेरीचं कार्ड काढायला जातं.