न फुटलेले गोळे

हवाई द्वीपसमूहातील कहोओलावे हे सुमारे ११६ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे बेट. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर अमेरिकेच्या सैन्याने बाँबफेक व तोफांचा मारा यांच्या सरावासाठी ते ताब्यात घेतले. युद्ध संपले, सराव मात्र १९९० पर्यंत चालूच राहिला.

डागलेला प्रत्येक गोळा फुटतोच असे नाही. स्फोट घडवून आणणारी कळ, म्हणजे फ्यूज, कधी सदोष असते. कधी गोळा मऊ मातीत तिरपा रुततो आणि कळीवर पुरेसा आघात होत नाही. असा गोळा निकामी झाला असे मानणे ही घोडचूक होय. कवच गंजते, पण आतील स्फोटक द्रव्य अनेक दशके टिकते. गंजलेला गोळा तर दगडासारखाच दिसतो.

१९९३ साली अमेरिकी काँग्रेसने सफाईसाठी ४० कोटी डॉलरपर्यंत खर्च मान्य केला. २००४ मध्ये काम थांबले तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश पृष्ठभाग मोकळा झाला होता; चार फूट खोलीपर्यंतची सफाई मात्र जेमतेम दहाव्या हिश्श्याची झाली होती. शेळ्यामेंढ्यांनी चरून उघडी पाडलेली तेथील माती पावसाने वाहून जाते आणि खोल पुरलेले गोळे वर येतात. तपासलेली जागाही त्यामुळे कायमची निर्धोक राहत नाही.

मूळ हवाईवासी या बेटाला कनालोआ या सागरदेवतेचे रूप मानतात. पूजाविधीसाठी व वृक्षारोपणासाठी ते येथे येतात, पण परवानगी घेऊन आणि ठरलेल्या वाटांनीच. भोवतालच्या समुद्रतळाची सफाई झालेली नाही.