खडकातले पाणी

पुण्यात डेक्कनकडून कर्वे रस्त्याने पुढे गेलात की डाव्या हाताला कर्वेनगर लागते. त्याच्या एका बाजूने मुठा नदी वाहते. उत्तरेला, कोथरूडच्या पलीकडे, वेताळ टेकडी आहे. पूर्वी येथे हिंगणे बुद्रुक हे गाव होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी काढलेला आश्रम 1900 साली हिंगण्याच्या माळावर आणला. ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत आणि आश्रमात पायी जात. आज त्या माळावर इमारतींची दाटी आहे, आणि बहुतेक इमारतींच्या अंगणात एक बोअर आहे.

या बोअरला पाणी येते कोठून? जमिनीखाली एखादी नदी किंवा मोठे तळे असावे, असे पुष्कळांना वाटते. तसे येथे काही नाही. येथे खाली आहे तो काळा खडक, म्हणजे बेसाल्ट.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथील जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड होऊन त्याचा खडक झाला. काही काळाने पुन्हा लाव्हा आला. असे पुष्कळदा घडले आणि थरावर थर साचले. उर्दूत ज्याला आपण 'तह' म्हणतो, तो म्हणजे थर. (मराठीत 'तह' म्हणजे मात्र लढाईनंतरचा करार! परीक्षेत घोटाळा करू नका.) महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच खडकाचा आहे. वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत हे थर उभ्या भिंतीसारखे दिसतात. पुण्यात असाल तर पाहून या.

सगळे थर सारखे नसतात. लाव्हा थंड होताना त्यातील वायू वर येतो. त्याचे बुडबुडे थराच्या वरच्या भागात अडकतात आणि तेथे लहान लहान पोकळ्या राहतात. या खडकाला कुहरी बेसाल्ट म्हणतात. त्याची झीज लवकर होते आणि मग त्यात पाणी मुरते. थराचा मधला भाग घट्ट असतो. त्यालाच आपण कातळ म्हणतो. कातळात पाणी शिरते ते फक्त भेगांतून. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टा असतो. त्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही. ते आडवे सरकते आणि टेकडीच्या उतारावर झरा होऊन बाहेर येते. या सर्वांच्या वर मुरूम आणि माती असते, नदीकाठी थोडा गाळही असतो. विहिरीचे पाणी बहुतेक या वरच्या भागातले.

जुने लोक हे जाणून होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्या वेळच्या खडकी शहरात, नहर बांधली. तेथील खडकही हाच. शहराच्या उत्तरेकडील जमिनीत झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून त्याने उताराने शहरात आणले. त्या नहरीला ना पंप होता ना वीज.

आता आपण काय करतो? पाणी कमी झाले की बोअर आणखी खोल मारतो. पण जसजसे खोल जावे, तसतशा भेगा सहसा कमी होतात. मग तासन्‌तास यंत्र घरघरते आणि वर येते ती नुसती कोरडी भुकटी. क्वचित एखादी मोठी भेग सापडते. तेव्हा आनंद होतो खरा, पण तीच भेग शेजारच्या विहिरीलाही पाणी देत असली तर? शेजाऱ्याची विहीर आटते, आणि भांडण सुरू होते.

भेगांमध्ये साठलेले हे पाणी म्हणजे मुरलेला पाऊसच. तो मुरतो मोकळ्या मातीतून आणि टेकडीच्या उतारावरून. सिमेंटच्या अंगणातून तो मुरणार कसा?

एक छोटा हिशेब करा. पुण्यात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. एका गच्चीचे क्षेत्रफळ 100 चौरस मीटर धरा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, की ते 1 लिटर पाणी होते. म्हणजे त्या एका गच्चीवर वर्षात 70,000 लिटर पाणी पडते. 10,000 लिटरचा एक टँकर, असे सात टँकर झाले. गच्चीची नळी थेट गटारात सोडलेली असली, तर ते सातही टँकर पावसाळ्यात मुठेतून वाहून जातात आणि एप्रिलमध्ये त्याच इमारतीच्या दाराशी विकतचा टँकर उभा राहतो.