जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन : बिघाडाच्या पूर्वसूचना

बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड हे गाव १८८२ च्या सुमारास अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतवस्ती म्हणून वसविले गेले. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या उंच इमारतींची दाटी झाली आहे. परंतु शहराकडून तिकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अवजड यंत्रे घडविणारे कारखानेही आहेत. रेल्वेच्या शंटिंगची इंजिने बनविणारी 'सॅन इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह' ही कंपनी त्यांपैकी एक. याच उद्योगातील सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स मोटार बाजारात आणली. तिचे उत्पादन थांबून आता पुष्कळ वर्षे लोटली. ज्या थोड्या स्टॉर्म मोटारी अद्याप रस्त्यावर दिसतात, त्यांच्या मालकांपुढे एकच प्रश्न असतो : इंजिन धोक्यात आहे हे वेळीच ओळखावे कसे?

हा प्रश्न स्टॉर्मच्या बाबतीत विशेष अवघड आहे. तिची काया पत्र्याची नसून काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकची आहे. पत्रा गंजतो व मोटारीचे वय सांगतो. ही काया गंजत नाही. रंग नवा दिला की पंचवीस वर्षांची मोटार कालपरवाची वाटू लागते. आतील इंजिनाला मात्र असा नवा रंग देता येत नाही. ते रेनॉ या फ्रेंच कंपनीचे, चार सिलिंडरांचे, ११४९ घनसेंटिमीटर क्षमतेचे व सुमारे ६० अश्वशक्तीचे आहे. आकडा मोठा नाही. परंतु हलक्या मोटारीत बसलेला चालक इंजिन अधिक वेगाने फिरविण्याच्या मोहात पडतो, आणि झीज तेथेच होते.

या इंजिनात पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास ७६.८ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम चार बोटे रुंदीचा असतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असले की प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबतो आणि उलट दिशेने निघतो. हे सारे धक्के ज्या बेअरिंगांनी सोसावयाचे, त्यांच्यात आणि क्रँकशाफ्टमध्ये धातूला धातू लागू न देणारी वस्तू एकच : माणसाच्या केसाहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा थर. हा थर टिकून आहे तोवर इंजिन वर्षानुवर्षे चालते. तो तुटला तर मिनिटे पुरतात.

म्हणून पहिली सूचना तेलाकडून घ्यावी. थंड इंजिनात तेल घट्ट असते व दाबही चांगला दिसतो. त्यावर विसंबू नये. इंजिन पुरते तापल्यावर, ते मंद गतीने चालू असता तेलाचा दिवा लुकलुकू लागला आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझला, तर बेअरिंगांतील फट वाढून पातळ झालेले तेल तेथून निसटत आहे अशी शंका घ्यावयास हवी. अर्थात तेल कमी असणे, पंप झिजणे किंवा दाब मोजणारे बटणच बिघडणे हीही कारणे असू शकतात. म्हणून कारागिराकडून दाबमापक लावून खात्री करून घ्यावी. मात्र तोवर मोटार चालवीत राहू नये. दाब नाममात्र उरल्यावाचून हा दिवा लागतच नाही. तेव्हा त्याला पहिला इशारा समजणे ही चूक आहे. तो बहुधा शेवटचा असतो.

स्पोर्ट्स मोटारीच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. वेगाने वळण घेताना तळकुंडातील तेल एका बाजूस लोटले जाते. पातळी कमी असेल तर तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते आणि तेलाऐवजी हवा आत जाते. सरळ रस्त्यावर शांत असलेला दिवा वळणावर चमकून गेला, तर चालकाने ते दृष्टिभ्रम म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी सूचना उष्णतेची. व्हाइटफील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे उघड्या भांड्यातील पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९७ अंश सेल्सियसला उकळते. इंजिनातील पाणी त्याहून पुष्कळ अधिक तापूनही उकळत नाही, याचे श्रेय दाबबंद झाकणाला असते. वातावरणाएवढा जास्तीचा दाब त्या झाकणाने धरून ठेवला की उत्कलनबिंदू ११५ अंशांच्याही वर जातो. परंतु झाकणातील स्प्रिंग किंवा रबर जुने होऊन दाब सुटू लागला, तर ही सारी सवलत नाहीशी होते. सकाळी मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. संध्याकाळी महादेवपुऱ्याच्या गर्दीत मोटार मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा सारा भार विजेच्या पंख्यावर येऊन पडतो. धावताना काटा स्थिर आणि गर्दीत वर चढणारा, तर प्रथम पंखा तपासावा. वेगात चढणारा, तर बुजलेला रेडिएटर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट.

चढणाऱ्या काट्याला सगळेच भितात. चढलेला काटा अकस्मात खाली आला की मात्र हायसे वाटते, आणि नेमका येथेच घात होतो. तापमान मोजणारा भाग पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी गळून गेले व तो कोरडा पडला की इंजिन जळत असतानाही काटा 'थंड' दाखवू शकतो.

अति तापलेल्या इंजिनात वरचा ॲल्युमिनियमचा भाग खालच्या ओतीव लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. तो वाकतो, मधले गॅस्केट फाटते आणि पाणी, तेल व ज्वलनाचे वायू एकमेकांत मिसळू लागतात. मग विस्तारटाकीत सतत बुडबुडे येतात, पाणी कोठेही न गळता कमी होते आणि धुराड्यातून दाट पांढरा धूर निघून हवेत रेंगाळतो. डिसेंबरच्या सकाळी दिसणारी वाफ काही मिनिटांत विरते. तिच्याशी या धुराची गल्लत करू नये. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तरीही थोडे थांबून विचार करावा. जी मोटार रोज केवळ दोन किलोमीटर चालते, तिच्यात ओलाव्यानेही अशी साय धरते. तेलपट्टीवरचे तेलच दुधाळ झाले असेल तर शंकेला जागा उरत नाही.

निळसर धूर जळत्या तेलाचा होय. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच तो भपकन आला, तर तेल झडपांच्या बाजूने उतरत असते. जोर लावताना सतत आला, तर पिस्टनच्या कड्या झिजलेल्या असतात. पहिल्या दोषासह मोटार पुष्कळ काळ चालू शकते, दुसऱ्यासह तितकी नाही. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचे सांगतो. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. जुन्या मोटारीतील रबरी नळ्या अशा मिश्रणासाठी बनविलेल्या नसतात. त्या फुगतात किंवा तडकतात. बॉनेटपाशी पेट्रोलचा वास येणे हा इंजिनाच्या बिघाडापेक्षाही आगीचा इशारा आहे, आणि प्लास्टिकच्या कायेला आग फार लवकर पकडते.

आवाज ओळखण्यास सराव लागतो. झडपांची बारीक टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने येते, कारण झडपा हलविणारा कॅमशाफ्ट निम्म्याच वेगाने फिरतो. पिस्टन सैल झाला असेल तर थंडपणी खडखड होते व तापल्यावर ती विरते. तळातून येणारी जड, खोल ठोक मात्र तापल्यावर वाढते. ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असते. जाणता कारागीर एकेका सिलिंडरचे ज्वलन बंद करून ऐकतो. ज्याचे बंद करताच ठोक मंदावते, तेथे दोष. अशी मोटार चालवीत गॅरेजपर्यंत नेणे म्हणजे क्रँकशाफ्टही गमावणे. ती ओढून न्यावी.

एक भाग मात्र न बोलता दगा देतो. या इंजिनात कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्याने फिरतो. जुना पट्टा दिसावयास धड असतो, आवाज करीत नाही, आणि एके दिवशी तुटतो. त्याच्याबाबत कान वा डोळा उपयोगी नाही; बदलल्याची तारीख हाच पुरावा. मोटार वर्षभर आच्छादनाखाली उभी राहिली तरी रबराचे वय वाढतच असते. विकत घेतलेल्या जुन्या मोटारीबरोबर अशी नोंद मिळाली नाही, तर पहिल्या लांबच्या प्रवासापूर्वी पट्टा बदलून घ्यावा व ती तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावी.