आकडा पुढे लिहा, सूत्र तसेच ठेवा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेची पाण्याची टाकी धुतली. उरलेली टीसीएल पावडर, म्हणजे पुस्तकातले विरंजक चूर्ण, कुणीतरी डब्यात भरून स्वच्छतागृहाच्या फळीवर ठेवली. काही दिवसांनी सफाई करणाऱ्या मावशींनी ती संडासाच्या भांड्यात टाकली आणि डाग निघेनात म्हणून वरून बाटलीतले अ‍ॅसिड ओतले. मुली धावत वर्गात आल्या. "बाई, लवकर या, मावशींना श्वास घेता येत नाहीये!" आम्ही मावशींना मोकळ्या पटांगणात आणले आणि तिथून दवाखान्यात नेले. डोळे लालभडक, प्रत्येक शब्दागणिक ठसका. त्या बऱ्या झाल्या, पण नंतर कितीतरी दिवस जिना चढताना त्यांना धाप लागायची.

मी दहावीला विज्ञान शिकवते. त्या खोलीत जे घडले ते फळ्यावर एका ओळीत मावते. परीक्षेत अशी ओळ संतुलित करून गुण मिळवणारी मुले दरवर्षी शाळेतून बाहेर पडतात. पण बाटलीवरचे नाव वाचून ती ओळ ज्याला आठवते, त्यालाच ते समीकरण आले असे आता मी मानते. म्हणून हा धडा कसा शिकावा, हे याच अभिक्रियेवरून सांगते.

आधी पदार्थ ओळखा. विरलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडला की विरंजक चूर्ण तयार होते. चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली त्याचे पेटंट घेतले ते कापड विरंजनासाठी. चुन्याने क्लोरीन धरून ठेवल्यामुळे तो पोत्यात भरून कुठेही नेता येऊ लागला. आज गावोगावच्या विहिरी आणि टाक्या याच पावडरीने निर्जंतुक होतात. मात्र तिच्यावर आम्ल पडले की धरलेला क्लोरीन सुटतो. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. तेव्हा अभिक्रियाकारके दोन आणि उत्पादिते तीन: कॅल्शियम क्लोराइड, क्लोरीन आणि पाणी.

हे शब्दांत लिहून झाल्यावरच सूत्रांकडे वळा:

सीएओसीएल२ + एचसीएल → सीएसीएल२ + सीएल२ + एच२ओ

आता अणू मोजा. डावीकडे कॅल्शियम १, ऑक्सिजन १, क्लोरीन ३, हायड्रोजन १. उजवीकडे कॅल्शियम १, ऑक्सिजन १, क्लोरीन ४, हायड्रोजन २. जुळत नाही.

इथे मुलांचा हात हमखास चुकीच्या जागी जातो. सीएल२ मधला २ पुसायचा, एच२ओ मधलाही पुसायचा. मग उजवीकडे क्लोरीन ३, हायड्रोजन १. सगळे अणू तंतोतंत जुळले! अशा कितीतरी वह्या मी तपासल्या आहेत. मोजणी बरोबर, पण ज्या वायूने मावशींचा श्वास कोंडला तो वायू समीकरणातून नाहीसा झाला आणि पाण्याच्या जागी 'एचओ' आले, जे पाणीच नव्हे. सूत्रातला खालचा आकडा म्हणजे त्या पदार्थाची ओळख. तो बदलला की पदार्थ बदलतो. एच२ओ मध्ये एक ऑक्सिजन वाढवला तर हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि ते कुणी पाणी म्हणून पिणार नाही.

आपल्याला बदलता येतो तो फक्त सूत्राआधीचा आकडा, म्हणजे रेणूंची संख्या. सुरुवात अशा मूलद्रव्यापासून करा जे दोन्ही बाजूंना एकेकाच पदार्थात आहे. इथे क्लोरीन चार सूत्रांत विखुरलेला आहे, तो शेवटी पाहू. हायड्रोजन घ्या: डावीकडे १, उजवीकडे २. म्हणून एचसीएलच्या आधी २ लिहा.

सीएओसीएल२ + २ एचसीएल → सीएसीएल२ + सीएल२↑ + एच२ओ

आता क्लोरीन मोजा. दोन्हीकडे ४. एका आकड्याने दोन्ही तफावती मिटल्या. सीएल२ समोर मी वर जाणारा बाण काढला आहे. पदार्थ वायू होऊन निघून जातो, ही त्याची खूण. मुले तो विसरतात आणि अर्धा गुण गमावतात. पण या समीकरणात खरा धोका सांगणारी खूण तीच आहे. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे भांडे घासणारी बाई तर उकिडवी बसलेली असते.

संतुलनाचा उपयोग इथून पुढे सुरू होतो. अणुवस्तुमाने घालून पाहा: १२७ ग्रॅम चूर्ण आणि ७३ ग्रॅम आम्ल मिळून २०० ग्रॅम. उजवीकडे १११, ७१ आणि १८, तेही २००. लव्हॉझिए यांनी १७८९च्या आपल्या ग्रंथात मांडलेला वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम हाच. बाजारातल्या ताज्या पावडरीतून साधारण तिच्या वजनाच्या एक तृतीयांश क्लोरीन सुटू शकतो. म्हणजे २० ग्रॅम पावडरीतून साडेसहा ग्रॅमच्या आसपास, आकारमानाने सव्वादोन लिटर. संडासाच्या ४ घनमीटर बंद खोलीत तो सगळा पसरला, तर हवेच्या १० लाख भागांत तो ५००हून अधिक भाग होतो. जीवाला तत्काळ धोका मानण्याची मर्यादा १० भागांची आहे. सगळा वायू एकदम सुटत नाही हे धरले, तरी दोन चमचे पावडर किती मोठी गोष्ट आहे ते कळते. वस्तुमानाचा असा हिशोब करायला संतुलित समीकरणच लागते.

आणखी एक लक्षात ठेवा. समीकरण संतुलित झाले म्हणून अभिक्रिया घडतेच असे नाही. तांबे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लापासून हायड्रोजन मिळतो असे समीकरण कागदावर सुरेख संतुलित होते. परीक्षानळीत मात्र काहीच घडत नाही, कारण तांबे हायड्रोजनपेक्षा कमी क्रियाशील आहे. जस्त टाका, लगेच बुडबुडे येतात. म्हणून काय घडते हे निरीक्षणातून शिका आणि किती घडते हे संतुलनातून. या क्रमात उलटापालट नको.

विद्यार्थ्यांनो, समीकरण सोडवताना आधी पदार्थांची नावे लिहा, मग सूत्रे. सूत्रे तपासून झाली की त्यांना पुन्हा हात लावू नका. पुढचे आकडे भरा, शेवटी प्रत्येक मूलद्रव्य नव्याने मोजा आणि अवस्था लिहा.

आणि घरी, शाळेत, सोसायटीत सगळ्यांना सांगा: ब्लीचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच आम्लाबरोबर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नये. दोन्ही एका फळीवर ठेवू नयेत, डब्यावर नाव लिहावे. चुकून मिसळलेच, तर तिथे काही निस्तरत न बसता लगेच मोकळ्या हवेत यावे. डोळे चुरचुरत असतील तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावेत आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. सफाई करणाऱ्या माणसांना तर हे आपण स्वतः समजावून सांगायला हवे. ज्यांना हा धडा शिकायला मिळाला, त्यांचे ते काम आहे.