एका रियालला शेवटी किती रुपये पडले?
परदेशात डेबिट कार्ड वापरणाऱ्यांसाठी हिशेबाचा धडा

२०२३ च्या हजपासून एक जुनी पद्धत बंद झाली. त्यापूर्वी हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूला निघण्याच्या ठिकाणीच २१०० रियालची ठरावीक रक्कम हातात मिळत असे. तिचे रुपये भरलेल्या एकूण पैशांत धरलेले असत, त्यामुळे भाव काय आणि शुल्क किती हा प्रश्न यात्रेकरूसमोर येतच नसे. आता रियालची सोय ज्याची त्याने करायची आहे. त्या वर्षी स्टेट बँकेमार्फत रोख रियाल आणि फॉरेक्स कार्ड अशा दोन्ही सोयी ठेवण्यात आल्या. म्हणजे निवड आली, आणि निवड आली की हिशेब आलाच.

हा हिशेब फक्त हाजींचा नाही. उमऱ्याला जाणारे आहेत, आखातात नोकरी करणाऱ्या मुलाला भेटायला जाणारे आईवडील आहेत, दुबईचा बाजार पाहून येणारे व्यापारी आहेत, आणि घरबसल्या डॉलरमध्ये एखादे हत्यार किंवा नक्षीकामाचे सॉफ्टवेअर मागवणारे कारागीरही आहेत. चंद्रपूरच्या गोल बाजारातला कापड दुकानदार असो की आलापल्लीचा सुतार, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: खिशातले हेच डेबिट कार्ड तिकडे चालेल का, आणि किती कापतील? बँकेत विचारले तर बहुधा "साडेतीन टक्के" एवढेच उत्तर मिळते. ते खोटे नसते, पण अपुरे असते.

खरा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायला हवा. तिकडे आपल्या हाती एक रियाल आला, किंवा एका रियालचा माल आला, तेव्हा इकडे पासबुकातून एकूण किती रुपये गेले? कार्ड कोणतेही असो, बँक कोणतीही असो, तुलना याच एका आकड्यावर करावी. टक्के, सवलती, मोफत विमा वगैरे जाहिरातीतल्या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

मूळ भाव घरीच काढा

तुलना करायची तर आधी मूळ भाव माहीत हवा. रियालच्या बाबतीत हे काम सोपे आहे. सौदी अरेबियाने १९८६ पासून आपले चलन डॉलरला बांधून ठेवले आहे. एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल. अमिरातीचा दिरहमही १९९७ पासून असाच बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. तेव्हा वर्तमानपत्रातला डॉलरचा भाव घ्यावा, त्याला ३.७५ ने भागावे, की रियालचा मूळ भाव हाती येतो. डॉलर ९० रुपये असेल तर रियाल २४ रुपये. समोरचा मनी चेंजर २५ रुपये ५० पैसे सांगत असेल, तर तो मूळ भावावर दीड रुपया म्हणजे सव्वासहा टक्के घेतो आहे, हे त्याने न सांगताही आपल्याला कळते.

रुपया आणि तिकडचा बाजार यांचे नाते जुने आहे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. त्यांचा रंग वेगळा होता, क्रमांकाच्या आधी 'एचए' ही अक्षरे असत, आणि भारतातल्या व्यवहारात त्या चालत नसत. पुढे ती व्यवस्था संपली. आता आपला रुपया कार्डातून जातो आणि वाटेत तीन ठिकाणी घासला जातो.

पैसे कुठे कुठे कापले जातात

पहिले ठिकाण म्हणजे चलन बदलण्याचा भाव. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचे जाळे रियालचे रुपये करते. हा भाव मूळ भावाच्या बराच जवळ असतो, तेव्हा त्याची फार चिंता नको. दुसरे ठिकाण म्हणजे बँकेचा मार्कअप, म्हणजे त्या भावावर बँकेने चढवलेले टक्के. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या बँकांत तो साधारण २ ते ३.५ टक्के असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी. हा कर शुल्कावर आहे, खर्च केलेल्या रकमेवर नाही. म्हणून साडेतीन टक्के प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात. तिसरे ठिकाण एटीएमचे. परदेशी एटीएममधून रोख काढली की मार्कअपशिवाय प्रत्येक वेळी एक ठरावीक शुल्क लागते, साधारण शंभर-सव्वाशे रुपये, अधिक जीएसटी. नुसती शिल्लक पाहिली तरी बऱ्याच बँका काही रुपये घेतात. ज्या बँकेचे एटीएम आहे ती तिकडची बँकही आपले वेगळे शुल्क लावू शकते.

आता आकडे मांडू. रियाल २४ रुपये, मार्कअप साडेतीन टक्के आणि एटीएम शुल्क १२५ रुपये असे धरू. ५०० रियालचे मूळ रुपये १२,००० होतात.

दुकानात कार्ड स्वाइप करून ५०० रियाल दिले, तर मार्कअप ४२० आणि जीएसटी ७५ रुपये ६० पैसे. एकूण १२,४९५ रुपये ६० पैसे. रियाल पडला २४.९९ रुपयांना.

तेच ५०० रियाल एटीएममधून एकदम काढले, तर मार्कअप ४२०, ठरावीक शुल्क १२५, आणि दोन्हींवर जीएसटी ९८ रुपये १० पैसे. एकूण १२,६४३ रुपये १० पैसे. रियाल २५.२९ रुपये.

आणि जवळ जास्त रोकड नको म्हणून रोज शंभर-शंभर करत पाच वेळा काढले, तर ठरावीक शुल्क पाचपट होते. एकूण १३,२३३ रुपये १० पैसे जातात आणि रियाल २६.४७ रुपयांना पडतो. बँक तीच, कार्ड तेच, रक्कम तीच, आणि फरक ५९० रुपयांचा. चोरीच्या भीतीने थोडे थोडे काढण्याची सवय आपल्याकडे एटीएमला महिन्यातल्या ठरावीक वेळांपर्यंत शुल्क नसल्यामुळे लागलेली असते. तिकडे ती महाग पडते. दोघांनी मिळून आठवड्याची रोख एकदाच काढावी आणि वाटून ठेवावी, हे बरे.

मार्कअप २ टक्के असलेले कार्ड स्वाइपला २४.५७ रुपयांत रियाल देते. काही बँका ठरावीक खात्यांवर मार्कअप पूर्ण माफही करतात. परंतु अशा खात्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागते आणि वार्षिक शुल्क किती, हे आधी पाहावे. ५०० रियालवर वाचणारे चारशे-पाचशे रुपये वर्षाच्या शुल्कात गेले तर मिळवले काय?

यंत्र विचारते: रुपये की रियाल?

मक्केतल्या दुकानात, दुबईच्या मॉलमध्ये किंवा एटीएमवर कार्ड घातल्यावर यंत्र कधी कधी मोठ्या आपुलकीने विचारते की पैसे रुपयांत कापू की स्थानिक चलनात? पडद्यावर रुपयांचा आकडा दिसतो, ओळखीचा वाटतो, आणि माणूस तेच बटण दाबतो. इथे सर्वांत जास्त नुकसान होते. कारण रुपयांचा हा भाव आपल्या बँकेचा किंवा व्हिसाचा नसून त्या दुकानदाराच्या बँकेने ठरवलेला असतो. तो मूळ भावापेक्षा पाच टक्के महाग असला, तरी ५०० रियालचे १२,६०० रुपये होतात, म्हणजे साध्या स्वाइपपेक्षा शंभरावर रुपये जास्त. शिवाय व्यवहार परदेशात झाला म्हणून काही भारतीय बँका त्यावरही आपला आकार लावतात. तेव्हा सौदीत रियाल, अमिरातीत दिरहम हेच बटण दाबावे. दुकानदाराने परस्पर रुपये निवडले असतील, तर सही करण्यापूर्वी किंवा पिन देण्यापूर्वी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. तो आपला हक्क आहे, त्यात संकोच नको.

फॉरेक्स कार्ड नेहमीच स्वस्त का नाही

फॉरेक्स कार्डात इथूनच रियाल भरून न्यायचे असतात. भाव त्या दिवशी पक्का होतो, पुढे रुपया घसरला तरी आपल्याला झळ नाही. समजा, भरण्याचा भाव २४.६० रुपये मिळाला आणि २००० रियाल भरले. ४९,२०० रुपये झाले. कार्डाचे शुल्क १५० रुपये धरले तर जीएसटीसह १७७. चलन बदलण्यावरचा जीएसटी साधारण ८८ रुपये ५६ पैसे. एकूण ४९,४६५ रुपये ५६ पैसे, म्हणजे रियाल २४.७३ रुपये. डेबिट कार्डाच्या २४.९९ पेक्षा स्वस्त.

पण हे सगळे रियाल खर्च झाले तर. ५०० रियाल उरले आणि परत आल्यावर ते २३.४० च्या भावाने बँकेला परत दिले, तर ११,७०० रुपये मिळतात, त्यातूनही ४५ रुपये कर जातो. मग प्रत्यक्ष वापरलेल्या १५०० रियालपैकी प्रत्येक रियाल २५.२१ रुपयांना पडला. स्वस्त कार्ड महाग झाले! म्हणून जेवढा खर्च नक्की आहे तेवढेच फॉरेक्स कार्डात भरावे, आणि अंदाजाबाहेरच्या खर्चासाठी डेबिट कार्ड जवळ ठेवावे. माझ्या मते सामान्य यात्रेकरूला हीच जोडी सोयीची आहे. रियाल भरलेले कार्ड दुबईत वापरले, तर चलन पुन्हा बदलते आणि वेगळे शुल्क लागते, हेही विसरू नये. क्रेडिट कार्डावर रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू होते, तेव्हा व्याज टाळू पाहणाऱ्याने तो मार्ग सोडलेलाच बरा.

घरातून निघण्यापूर्वी

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळांची खाती ग्रामीण बँकेत किंवा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत आहेत. अशा खात्यांवरची, त्याचप्रमाणे जनधन खात्यावरची रुपे कार्डे सहसा देशापुरतीच असतात. परदेशासाठी आंतरराष्ट्रीय वापराचे कार्ड लागते, ते मागून घ्यावे लागते. आणि कार्ड आंतरराष्ट्रीय असले म्हणजे काम झाले असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवीन कार्डांचा परदेशी वापर सुरुवातीला बंदच असतो. तो ग्राहकाने मोबाइल ॲपवरून किंवा शाखेत जाऊन चालू करायचा असतो, रोजची मर्यादाही तिथेच ठरवायची असते. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटर आहे. नागपूरला विमानतळावर पोहोचल्यावर हे लक्षात आले, तर काय करणार? तेव्हा महिनाभर आधी शाखेत जाऊन कार्ड चालू करावे, आणि बँकेत नोंदलेला मोबाइल क्रमांक तिकडे रोमिंगवर चालेल याचीही खात्री करावी. नाही तर ओटीपी यायचा नाही.

रोख रियाल घ्यायचे तर परवानाधारक मनी चेंजरकडून किंवा बँकेतूनच आणि पावतीसहच घ्यावेत. पन्नास हजार रुपयांच्या आत रोख देऊन परकीय चलन घेता येते, त्यावर चेक किंवा खात्यातून द्यावे लागते. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच बरोबर नेता येतात. डेबिट कार्डावरचा परदेशी खर्च आपल्या वार्षिक परकीय चलन मर्यादेत, म्हणजे माणशी अडीच लाख डॉलरमध्ये, मोजला जातो. १ एप्रिल २०२५ पासून अशी एकूण रक्कम वर्षात दहा लाख रुपयांवर गेली, तरच आगाऊ कर कापण्याचा प्रश्न येतो. विकण्यासाठी माल आणायचा असेल तर मात्र वैयक्तिक कार्ड त्याचे साधन नव्हे. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढून बँकेमार्फतच पैसे पाठवावेत.

उलट बाजूही थोडी पाहू. ताडोबाला येणारा परदेशी पाहुणा मोहर्लीच्या वाटेवर बांबूची वस्तू घेतो आणि आपल्या यंत्रावर परदेशी कार्ड लावतो. भारतीय डेबिट कार्डावर वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून ०.४० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असे बंधन २०१८ पासून आहे. परदेशी कार्डाला ते लागू नाही. तिथे कपात कित्येक पटींनी जास्त असते. यंत्र घेतानाच हा दर लेखी विचारून ठेवावा आणि परदेशी गिऱ्हाइकाला भाव सांगताना तो धरावा.

परत आल्यावर पासबुक भरून घ्यावे आणि प्रत्येक व्यवहारापुढे रियाल व रुपये दोन्ही लिहून भागाकार करावा. हॉटेलने अनामत म्हणून अडवून ठेवलेली रक्कम सुटली का, हेही पाहावे. ती खरोखर कापून नंतर परत आली असेल तर वेगळ्या भावाने येते आणि मार्कअप बहुधा परत मिळत नाही. उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेला परत द्यायचे असते, मात्र दोन हजार डॉलरपर्यंतचे पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येते. आणि कार्डाची परदेशी सोय पुन्हा बंद करून टाकावी.