हॉटेलात बसण्याचा हक्क आणि हॉटेलातले पाणी



महाडच्या बाजारपेठेत किंवा पोलादपूरच्या एस.टी. स्टँडजवळ चार मैत्रिणी भेटल्या की पाय आपोआप एखाद्या छोट्या हॉटेलाकडे वळतात. मंडळाची बैठक संपली, तहसीलचे काम उरकले, मुलांचा निकाल लागला, की मिसळ, भजी, राइसप्लेट, निदान चहा तरी ठरलेला. यात वाईट काही नाही. एकत्र बसून हसतखेळत खाल्ले की मनही ताजे होते. पण आपली माणसे पैसे मोजून खातात आणि तरीही ‘हे पाणी कुठले?’ एवढे विचारत नाहीत. या महिन्यात त्याच प्रश्नाबद्दल बोलू.

पाणी कशाने बाटते?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. महाड नगरपालिकेने त्याआधीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच होता. त्या दिवशी पाणी पिऊन परतलेले आपले लोक मंडपात जेवत असताना त्यांच्यावर लाठ्या चालल्या, अन्न मातीत मिसळले. पुढे सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून तळे ‘शुद्ध’ केले! कोर्टातला लढा मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात ते इथे लावून पाहा. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. पाणी बिघडते ते विष्ठेतल्या जंतूंनी. आणि त्यांनी शेण ओतून पाणी शुद्ध केले म्हणे! म्हणून महाडच्या सत्याग्रहात समतेचा धडा आहे, तसाच आरोग्यशास्त्राचाही आहे.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश आणि विहिरी, तळी यांचा वापर हे सारे एकाच ठिकाणी आले आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने हॉटेलातली भांडी वापरण्याचा हक्कही दिला. कोणी वेगळा कप पुढे केला तर तो गुन्हा आहे. बसण्याचा हक्क आपल्या वाडवडिलांनी डोकी फोडून घेऊन मिळवला. तिथले पाणी आणि अन्न चांगले आहे का हे विचारणे, ही त्याच हक्काची पुढची पायरी आहे. ‘आपण कशाला बोलायचे’ हा जुना संकोच आता सोडू या.

काय पाहायचे, काय विचारायचे

१. पाणी : आपल्याकडे पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते. जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेत किती चिखल शिरला होता हे महाडकरांना सांगायला नको. पाणी उकळलेले किंवा फिल्टरचे आहे का, टाकी कधी धुतली, हे सरळ विचारा. खात्री नसेल तर घरची बाटली जवळ ठेवा आणि बर्फ टाळा. एकाच बादलीत बुचकळून काढलेले ग्लास दिसले तर वाहत्या पाण्याने धुऊन मागा.

२. गरम अन्न : डोळ्यांदेखत तव्यावरून, कढईतून आलेला वाफाळता पदार्थ सर्वांत सुरक्षित. शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसाच राहिला तर त्यात जंतू वाढतात. त्यांतल्या काहींचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मासे, चिकन नीट शिजलेले हवे. आधीच चिरून उघडा ठेवलेला कांदा, काकडी, पातळ चटणी पावसाळ्यात नकोच.

३. तेल : काळपट, घट्ट, फेसाळणारे, लगेच धूर सोडणारे तेल म्हणजे पुन्हा पुन्हा तापवलेले तेल. ते हृदयाला घातक. वर्तमानपत्रात बांधलेली भजीही नकोत. शाईतली रसायने तेलाबरोबर पोटात जातात.

४. हात : बेसिनजवळ साबण आहे का पाहा. तो गिऱ्हाइकाला हवा, तसा स्वयंपाक करणाऱ्यालाही हवा. ज्याला जुलाब लागलेत त्याने त्या दिवशी अन्नाला हात लावू नये, आणि त्यासाठी मालकाने त्याची मजुरी कापू नये. कप विसळायला चौदा वर्षांखालचे मूल ठेवले असेल तर तो गुन्हा आहे. १०९८ वर कळवा.

५. नंबर : प्रत्येक हॉटेलाला अन्नसुरक्षा खात्याचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असतो. तो भिंतीवर लावलेला असायला हवा. तक्रार करायची तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

विचारताना आवाज चढवायची गरज नाही. ‘दादा, पाणी उकळलेले आहे का?’ पुरे. छोटा हॉटेलवालाही कष्टाचेच खातो, आणि आपल्याही कितीतरी भगिनी खानावळ, वडापावची गाडी चालवतात. त्यांनीही हे पाच मुद्दे आपल्या गाडीला लावून पाहावेत. चार गिऱ्हाइकांनी रोज विचारले की पाचव्या दिवशी फिल्टर बसतो.

‘एक दिवस खाल्ले तर काय होते?’

मैत्रिणींच्या टोळक्यात हे वाक्य हमखास येते. ज्यांना मधुमेह, रक्तदाब आहे त्यांना आग्रह करू नका. दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पापड, लोणचे, फरसाण, तर्री यांतच ते संपते. भज्यांची एक प्लेट चौघीत घ्या. भात अर्धा आणि वरण, उसळ, कालवण जास्त मागा. चहा बिनसाखरेचा मिळतो, मागायला हवा.

कोसलराजा पसेनदी असाच पोटभर जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला होता. बुद्धांनी त्याला भोजनात मात्रा राखण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला तो उपदेश रोज जेवताना आपल्यासमोर म्हणायला लावला, हळूहळू आहार कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले. आपल्याला तरुण नेमायची गरज नाही, शेजारी बसलेल्या मैत्रिणीने आठवण केली तरी पुरे. आणि हायवेवरच्या ढाब्यावर मित्रांची बैठक बसते तेव्हा पंचशीलातले पाचवे शील आठवावे.

खाल्ल्यावर त्रास झाला तर

जुलाब, उलट्या सुरू झाल्या की पहिले औषध पाणी-मीठ-साखर. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा), किंवा आशाताईंकडचे ओआरएसचे पाकीट. घोट घोट पाजत राहा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात, त्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या. शौचात रक्त, लघवी बंद, डोळे खोल गेलेले, थांबत नसलेली उलटी, गुंगी यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ लगेच दिसत नाही, दोन ते सात आठवड्यांनी दिसते. तोवर हॉटेलातला तो ग्लास कोणाला आठवत नाही, आणि मग नजर लागली म्हणत कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतली जाते. डोळे पिवळे झाले की रक्त तपासून घ्या. गरोदर बाईला कावीळ झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, ती तिच्या जिवावर बेतू शकते.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेच्या महिला मंडळाने एक काम करावे. बैठक झाल्यावर नेहमीच्या हॉटेलात जावे, एकत्र बसावे, आवडीचे खावे, आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावण्याआधी एकीने तो प्रश्न विचारावा. काय उत्तर मिळाले ते या पानाला जरूर कळवा.

जय भीम! नमो बुद्धाय!